खिशातली वही

बारडोली हे नाव आपल्या पिढीला शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटले. ‘बारडोलीचा सत्याग्रह कोणाच्या नेतृत्वाखाली झाला?’ एका गुणाचा प्रश्न. उत्तर : वल्लभभाई पटेल. तो गुण मिळवून आपण पुढच्या इयत्तेत गेलो आणि बारडोली मागे राहिली.

गेल्या हिवाळ्यात ती मला पुन्हा भेटली. माझी भाची लग्न होऊन सुरतेला असते. मडगावहून कोकण रेल्वेने वसईमार्गे तिच्याकडे चार दिवस राहायला गेलो होतो. एक दिवस मोकळा सापडला. म्हटले, बारडोली पाहून येतो. सुरतहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पस्तीसेक किलोमीटरवर तर आहे. पण गुजराती वाचता येत नाही, एकट्याने जायचे, म्हणून मन थोडे कचरत होते. भाची हसून म्हणाली, ‘‘मामा, हातांत फोन आसा न्हय? मागीर हुसको कित्याक?’’

खरेच की! काळजी कशाला? हा फोन माझ्या हातात कित्येक वर्षे आहे. त्यावर मी काय करतो? सकाळी ‘शुभ प्रभात’ची फुले पाहतो, दुपारी कोणीतरी धाडलेले विनोद पुढे धाडतो, रात्री कोणाच्या तरी भांडणाच्या चित्रफिती बघत झोपी जातो. भाचीने दहा मिनिटांत त्याच फोनवर दोन कामे करून दिली. भाषांतराच्या ॲपमध्ये गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषा उतरवून ठेवल्या, म्हणजे इंटरनेट नसले तरी अडायला नको. नकाशाच्या ॲपमध्ये सुरत-बारडोलीचा भाग उतरवून ठेवला. दोन्हीला पैसा पडला नाही. घरच्या वायफायवर ही तयारी करून निघाले की रस्त्यात नेटवर्क गेले तरी माणूस हरवत नाही. प्रवासाला निघताना आपण पाण्याची बाटली भरून घेतो, तसेच हे.

स्टेशनवर उतरून पाट्यांसमोर फोनचा कॅमेरा धरू लागलो. गंमत म्हणजे तासाभरात कॅमेऱ्याची गरजच कमी झाली. गुजराती लिपी ही नागरीचीच बहीण. डोक्यावरची रेघ काढून टाकली आणि काही अक्षरांची वळणे लक्षात ठेवली, की निम्मी पाटी आपोआप वाचता येते. मला काकासाहेब कालेलकर आठवले. कालेली हे त्यांचे मूळ गाव सावंतवाडीजवळचे, म्हणजे आपल्या पेडण्यापासून हाकेच्या अंतरावर. घरची भाषा मराठी, आणि गुजराती त्यांनी अशी आपलीशी केली की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. हेच काकासाहेब १९४८ साली हिंदुस्तानी लघुलेखन आणि टंकलेखन यंत्राच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते. आपली अक्षरे यंत्रावर नीट उमटावीत ही तळमळ जुनी आहे. त्या पिढीला यंत्र हवे होते आणि मिळत नव्हते. आम्हाला मिळाले आहे आणि आम्ही त्यावर रोमन अक्षरांत ‘कसा आहेस’ लिहितो! असो. त्याकडे पुढे येतो.

बारडोलीत स्वराज्य आश्रम आहे, सरदारांच्या स्मृतीचे संग्रहालय आहे. तिथल्या शांततेत बसून मी शाळेत न शिकवलेली एक गोष्ट ताडून पाहिली. बारडोलीचा सत्याग्रह आपण शेतसाऱ्याविरुद्धचा लढा म्हणून ओळखतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्या लढ्याच्या मुळाशी एक दप्तर होते. जयकर नावाच्या महसूल अधिकाऱ्याने (हे आपले मुकुंदराव जयकर नव्हेत) तालुक्याची पाहणी करून सारा तीस टक्क्यांनी वाढवावा असा अहवाल दिला. सरकारने घासाघीस करून तो बावीस टक्क्यांवर आणला. शेतकरी म्हणत होते, अहवालातले आकडेच खोटे आहेत. नरहरी परीख यांनी त्या आकड्यांची चिरफाड करणारे लेख ‘नवजीवन’मध्ये लिहिले. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी सत्याग्रह सुरू झाला, ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि सरकारने चौकशी नेमली. चौकशीचे काम ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांकडे आले. यातले ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश! अशा माणसासमोर भावनेच्या भाषणाने काय साधले असते? तिथे महादेवभाई देसाई, नरहरीभाई आणि रामनारायण पाठक गावोगावचे हिशेब घेऊन उभे राहिले. कोणत्या शेताचा खंड किती, तो खरोखर खंड होता की कर्जाचे व्याज, पीक किती आणि खर्च किती. सरकारी अहवालातले खंडाचे आकडे नीट तपासलेलेच नव्हते, हे उघड झाले. बावीस टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली.

शेतकऱ्यांचे धैर्य नसते तर हे झाले नसते, यात शंका नाही. जमिनी जप्त होत असताना, गुरे ओढून नेली जात असताना ते हलले नाहीत. पण धैर्याच्या जोडीला त्यांच्याकडे स्वतःची नोंद होती. सरकारच्या वहीसमोर ठेवायला त्यांची स्वतःची वही होती.

हे सगळे डोक्यात घोळवत परत स्टेशनवर आलो. गाडीला अवकाश होता. चहाच्या टपरीवर एक तरुण फोन कानाशी धरून मराठीत बोलत होता. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की पाय आपोआप तिकडे वळतात. विचारपूस केली. नंदुरबारकडचा. ऊस तोडायला आलेला.

बारडोलीच्या आसपास ऊसच ऊस आहे. इथला सहकारी साखर कारखाना १९५५ सालचा, मोठ्या नावाचा. सुरत जिल्ह्यात असे अनेक कारखाने उभे राहिले आणि दर हंगामाला डांगातून, खानदेशातून तोडणी मजूर तिथे येत राहिले. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने या मजुरांवर १९७८ सालीच लिहून ठेवले आहे. मजुरांच्या तुकडीला ‘कोयता’ म्हणतात. अवजाराचे नाव माणसांना! मुकादम आधी उचल देतो, हंगामभर पोटापुरती खावटी मिळते, आणि खरा हिशेब होतो तो शेवटी, घरी परतताना.

हा तरुण कोणत्या कारखान्याचा ऊस तोडतो, हे मी विचारले नाही. तो काय करत होता, हे मात्र विचारले. म्हणाला, ‘‘काका, रोजचं रेकॉर्ड करून ठेवतो. मला लिहायला वेळ लागतो, बोलायला नाही लागत. आज किती टन भरला, कोणती गाडी, तारीख, सगळं बोलून ठेवायचं. पावतीचा फोटो काढायचा. आणि दोन्ही गावाकडे भावाच्या फोनवर पाठवायचं.’’

‘‘भावाला कशाला?’’

‘‘माझा फोन उसात पडला, फुटला, तर? हिशेबाच्या दिवशी मुकादमाची वही बोलते, काका. आपली पण वही असायला पाहिजे का नको?’’

मला चहा गोड लागेना. कारण सांगतो. माझी आई धालोंची गाणी म्हणायची. पौषातल्या चांदण्यात मांडावर बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, ते धालो. आईला कितीतरी गाणी पाठ होती. २०१७ साली मी ती माझ्या फोनवर ध्वनिमुद्रित केली. चार संध्याकाळी बसून, तिला चहा करून देत, मध्येच थांबून शब्दांचे अर्थ विचारत. पुढच्या जुलैत स्कूटरवरून येताना पावसाने गाठले आणि फोन भिजून बंद पडला. दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट करून मान हलवली. प्रत काढली नव्हती. कशी काढायची हे माहीत होते. ‘करू सावकाश’ म्हणत राहिलो होतो. नंतर आई गेली.

पदवीधर मी, चार पुस्तके लिहिलेला. आणि चौथी-पाचवीत शाळा सुटलेला तो तरुण. फोन कशासाठी असतो हे दोघांपैकी कोणाला कळले होते?

म्हणून, मित्रहो, आज थोडे स्पष्ट लिहितो. आपण फोनला टीव्ही समजतो, भोंगा समजतो, फार तर बँक समजतो. माझे मत असे की तो सर्वांत आधी वही आहे. लिहिणारी, ऐकणारी, पाहून ठेवणारी वही. नवा महागडा फोन घेतल्याने ती अधिक चांगली होत नाही. हातातल्या फोनवर चार सवयी लावून घेतल्या तर पुरेसे आहे. त्या सवयी सांगतो.

पहिली सवय कागदांची. आपल्याकडचा एक-चौदाचा उतारा असो की महाराष्ट्र-गुजरातेतला सात-बारा, दवाखान्याची चिठ्ठी असो की दुकानाची पावती. कागद हातात आला की त्याचा फोटो काढावा. उजेड खिडकीतून बाजूने यावा, फोन कागदाला समांतर धरावा, चारही कोपरे दिसावेत. हल्लीच्या पावत्यांची शाई तर वर्षभरात उडते, फोटो राहतो. हा फोटो कोणाला पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, अक्षरे फिसकटत नाहीत. आणि मूळ फोटो कधीही पुसू नये. तो कधी काढला याची तारीख त्या फाईलच्या पोटात असते. फोटो म्हणून पुढे पाठवलेल्या प्रतीत ती उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीला पुराव्याचे स्थान आहे. त्यासाठी प्रमाणपत्र वगैरे सोपस्कार लागतात, ते वकील पाहील. पण मूळ नोंदच नसेल तर वकील तरी काय करणार?

दुसरी सवय नावांची. फोन स्वतः फाईलला जे नाव देतो ते त्याच्या सोयीचे असते, आपल्या नव्हे. नाव बदलावे आणि सुरुवात वर्षापासून करावी : २०२६-०१-१४, मग ‘आई’, मग ‘धालो’. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिले की फाईली आपोआप कालक्रमाने रांगेत उभ्या राहतात. संगणकावरही हेच. शेकडो फाईलींत हवी ती सापडत नसेल तर त्या गैरव्यवस्थेला यंत्र जबाबदार नाही.

तिसरी सवय प्रतींची. जाणकारांचा एक सोपा नियम आहे : महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फोनवर एक, घरच्या संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर दुसरी, आणि तिसरी इंटरनेटवरच्या खात्यात किंवा परगावी राहणाऱ्या मुलीकडे. गूगलच्या खात्यात पंधरा जीबी जागा फुकट मिळते. ती ‘शुभ प्रभात’च्या फुलांनी भरू द्यायची नसेल तर व्हॉट्सॲपमधली आपोआप उतरवून घेण्याची सोय आधी बंद करावी. महिन्याचा एक दिवस ठरवावा. संकष्टीला प्रत काढायची, असे ठरवले तर विसरणार नाही! नंदुरबारच्या त्या तरुणाला हा नियम कोणी शिकवला नव्हता. भावाच्या फोनवर पाठवून तो तेच करत होता.

चौथी सवय भाषेची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. नोंद आपल्या अक्षरांत हवी. मराठी कळफलक प्रत्येक फोनमध्ये येतो. सेटिंगमध्ये जाऊन तो सुरू करायचा एवढेच. बोटे जड झाली असतील तर बोलून लिहावे. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीला ही सोय दिली. आपले गोव्याचे हेल तिला कधीकधी कळत नाहीत, ‘मांड’चे ‘मांडी’ करते. थोडे सावकाश बोलावे, नंतर एकदा वाचून सुधारावे. संगणकावर टंकणाऱ्यांनी इन्स्क्रिप्ट शिकून घ्यावे. आठवडाभर चिडचिड होते, मग जन्मभर सुख. त्यात मराठी ‘क’ ज्या कळीवर आहे, गुजराती, बंगाली, कन्नड ‘क’ही त्याच कळीवर आहेत. काकासाहेबांना हे पाहून किती आनंद झाला असता!

इथे लेखक मंडळींना एक कळकळीची विनंती. वीस वर्षांपूर्वी आपण सगळेच निरनिराळ्या जुन्या फॉन्टांत टंकत होतो. त्या फॉन्टांत खाली इंग्रजी अक्षरेच असत, वर फक्त मराठी चित्रे. फॉन्ट गेला की लेखाची रांगोळी. तुमच्या जुन्या फाईली अजून तशाच असतील तर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलून देणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात. मोडी वाचणारे विरळ झाल्यावर घराघरांतली दप्तरे मुकी झाली, ते आपण पाहिले आहे. आपले स्वतःचे लिखाण आपल्या हयातीतच मुके व्हावे काय?

जुन्या संगणकाबद्दलही एक शब्द. विंडोज १० ची नियमित देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. ‘आता नवा घ्या’ असा सल्ला दुकानदार देतो. घाई नको. अशा बहुतेक यंत्रांवर लिनक्स ही फुकट प्रणाली चालते, आणि लेखन, वाचन, जुन्या फाईली जपणे एवढ्यासाठी ते यंत्र आणखी काही वर्षे सहज काम देते. ओळखीच्या एखाद्या कॉलेजकुमाराला घरी जेवायला बोलवा, सोलकढी पाजा. दुपारभरात बसवून देईल. फाईलींची प्रत मात्र त्याच्या आधी काढा!

कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण फोन हे व्यसनच आहे, त्यावर अफवा आहेत, फसवणूक आहे. म्हाताऱ्या माणसांनी त्यापासून दूर राहिलेलेच बरे. अफवांचे खरे आहे. पण त्यावरही बारडोलीनेच मला उत्तर दिले. १९२८ मध्ये लढ्याचे प्रकाशनाचे काम जुगतराम दवे सांभाळत होते आणि रोज सत्याग्रह पत्रिका निघत होती. ती गावोगाव वाचली जाई. कुठे जप्ती झाली, कोण ठाम राहिले हे लोकांना त्यातून कळे. एका तालुक्याचे ते रोजचे बातमीपत्र, पण त्यामागे जबाबदार माणसे होती. खोटी बातमी गेली असती तर लढाच ढासळला असता. आपल्या फोनवरून आपणही रोज पत्रिका काढतोच की! फरक एवढाच की बातमी कोणाची, कुठली, कधीची हे विचारायच्या आधी आपले बोट पुढे धाडून मोकळे होते. हे तीन प्रश्न विचारले तर निम्मे निरोप आपल्या फोनवरच विरतील.

फसवणुकीचेही तसेच. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ असे सांगणारे भामटे सुशिक्षितांनाही लुटतात. भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. फोन बंद करावा. पैसे गेलेच तर लाजत न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता अधिक. क्रमांक लक्षात ठेवायला सोपा आहे. बारडोलीनंतर दोन वर्षांनी, तिथून फार दूर नसलेल्या दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी मीठ उचलले, ते साल १९३०.

आणि दूर राहण्याचे म्हणाल तर, दूर राहून नोंद कोण ठेवणार? महादेवभाई देसाई याच सुरत जिल्ह्यातले. १९१७ पासून १९४२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी गांधीजींजवळ राहून डायरी लिहिली. आज आपण त्या पंचवीस वर्षांतले जे कितीतरी संवाद वाचतो, ते त्या वह्यांमुळे. त्यांच्याकडे कागद आणि लेखणी होती. सवय त्यांची स्वतःची होती.

परतीच्या गाडीत मी त्या तरुणाचे नाव विचारायचे विसरलो हे लक्षात आले. त्याचा हिशेब हंगामाअखेर बरोबर झाला असेल अशी आशा करतो.

गोव्यात आल्यावर पहिले काम केले ते धाकट्या मावशीकडे जाण्याचे. आईच्या पाठीवरची ही बहीण, आता ऐंशी ओलांडलेली. ‘‘गाणी? ती तुझ्या आवयक येतालीं, म्हाका खंय?’’ म्हणत म्हणत तिने अकरा गाणी म्हटली. काही ठिकाणी शब्द अडले, काही ठिकाणी दोन गाणी एकमेकांत मिसळली. सगळे तसेच ठेवले आहे. फाईलींना तारखेने नावे दिली. एक प्रत संगणकावर, एक भाचीकडे सुरतेला.

तुमच्या घरातही कोणी मावशी असेल. फोन चार्ज करून आजच जा.